झाडे लावण्याआधी उद्यानात काय उगवते ते मोजा

मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यात वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. त्याआधीच्या एका कामासाठी हे पत्र लिहीत आहे. आमच्या उद्यानांत आपसूक काय उगवते, याची नोंद करायला लावा.

1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. तिचा सगळा भर झाडांवर. वेली, गवते, एका पावसाळ्यापुरती उगवणारी रोपे हिशेबात येत नाहीत आणि जे हिशेबात नाही ते तण म्हणून निघते.

ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगराच्या बाजूला असलेल्या एका उद्यानात कुंपणालगत खडकाळ उतार आहे. जुलैत तिथे तेरडा आणि कवला ही रानफुले उगवतात, करवंदीच्या जाळीतून कुडा डोके वर काढतो. तेरडा फुलायला लागतो न लागतो तोच ग्रास कटर फिरतो. त्याची शेंग पिकून तडकली, बी उडाले, तरच पुढच्या वर्षी रोप येणार. वर्षानुवर्षे असे कापत गेले की उतार उघडा पडतो आणि घाणेरीची झुडपे शिरतात. मग कुणीतरी तिथे लाल माती टाकून लॉन करायचे ठरवते. त्या लॉनला उन्हाळाभर पाणी घालावे लागते. तेरड्याला कुणी कधी पाणी घातले होते?

उद्यानांतला गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री मध्य व दक्षिण अमेरिकेतला. उभी झाडे तोडा असे मी मुळीच म्हणत नाही, त्यांची सावली हवीच आहे. पण फुलपाखरांच्या अळ्यांना ठरावीक वनस्पतीच लागतात. 2015 मध्ये आपण नीलवंतला राज्य फुलपाखरू केले आणि त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळीला रुई लागते. ती रुई दिसली की आपण उपटतो.

मोजणीला फार खर्च नाही. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी मीटरभर चौकटी आखून पावसाळ्यात, ऑक्टोबरात आणि उन्हाळ्यात नोंदी घेऊ शकतात. डोंगराकडच्या उद्यानांसाठी तुलनेला येऊरचे जंगल आहेच. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, त्यामुळे तिथले बी हवे असेल तर वनविभागाची परवानगी लागेल; ती मिळवून देणे आपल्याला जड नाही. खाडीकाठच्या भरावावर मात्र येऊरची नक्कल करू नये. तिथे भेंड, करंज हीच मंडळी तग धरतील.

आपल्या विभागाचे ‘माझी वसुंधरा’ अभियान 2020 पासून सुरू आहे. त्यातल्या ‘भूमी’ घटकात शहरांना गुण देताना किती रोपे लावली एवढेच न पाहता उद्यानात किती स्थानिक जाती टिकल्या, हेही तपासावे. आणि यंदापासूनच ठाण्यातल्या निदान एका उद्यानातला असा एक उतार तेरड्याचे बी पडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत, कापू नये असा आदेश द्यावा.

आपला,
ठाण्यातील एक नागरिक