ते पान अजून उघडतं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "कसं चाललंय?" विचारलंस आणि मी "ठीक आहे" म्हणून विषय बदलला. तुला ते खटकलं असणार. फोनवर मला बोलणं जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल. शिवाय त्यात तुझी माफीही मागायची आहे, पण तिथवर यायला थोडा वेळ लागेल.

नोकरी जाऊन पाच महिने झाले. अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल होता. तो संपेपर्यंत माझं लॉगिन बंदही झालं होतं, त्यामुळे हातातलं काम कुणाला समजावून देता आलं नाही. खरं सांगतो, पहिले काही दिवस नोकरीपेक्षा ते अर्धवट कामच जास्त सलत होतं. वेबसाइटच्या पेमेंटच्या पानावर एक चूक होती. नेट मध्येच गेलं आणि माणसाने पुन्हा बटण दाबलं, की पैसे दोनदा कापले जायचे. उपाय मला सापडला होता: व्यवहार सुरू होतानाच त्याला एक क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती ओळखतो आणि नुसतं आधीचं उत्तर परत देतो. अर्धा कोड लिहून झाला होता. पुढे तो कुणी पूर्ण केला का, हे कळायला मला आता काही मार्ग नाही. रात्री झोपताना अजून कधीतरी ते पान डोळ्यांसमोर येतं.

अर्ज शंभराच्या वर केले. बहुतेकांचं उत्तर आलं नाही, ते मी मनाला लावून घेत नाही. पण एका ठिकाणी चार दिवस खपून त्यांनी दिलेलं काम करून पाठवलं, टेस्टसकट, आणि तिकडून एक ओळही आली नाही. ते लागलं. "नको" एवढं कळवलं असतं तरी चाललं असतं. मुलाखतींत माहितीची झाडं (फांद्यांसारखी रचना) उलटी करायला लावतात, तेही शिकून घेतलं. एकाने विचारलं, जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) शून्य सेकंदांचा सेटटाइमआउट (ठरल्या वेळाने चालणारं काम) आणि प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी) यांतलं आधी काय चालेल? प्रॉमिस. प्रॉमिससारख्या छोट्या कामांची, म्हणजे मायक्रोटास्कची रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पुढचं टास्क उचललं जात नाही. याच कारणाने अडलेली एक स्क्रीन मी एकदा दोन रात्री जागून सोडवली होती, तेव्हापासून ते डोक्यात पक्कं बसलंय. पण त्यांना उत्तर हवं होतं, त्या दोन रात्री नको होत्या.

मग एका मुलाखतीत एक मुलगी होती, माझ्याहून बरीच लहान, मन लावून ऐकणारी. तिने विचारलं, "इतक्या वर्षांत तुम्ही जे बांधलंत, त्यातलं काही आज बघता येईल का?" मी आठवत गेलो. जेक्वेरी या तेव्हाच्या साधनावर उभी केलेली पोर्टलं, नंतर अँग्युलर या दुसऱ्या साधनात केलेली, मग तीच पुन्हा रिअ‍ॅक्टमध्ये. एकूणएक बंद तरी झालंय, नाहीतर कुणीतरी वरपासून खालपर्यंत नवं लिहिलंय. दाखवायला एक पत्ता नव्हता माझ्याकडे. तिने पुढचा प्रश्न घेतला, पण मी तिथेच अडकून राहिलो.

त्या संध्याकाळी कपाटातून जुन्या सीड्यांची पिशवी काढली. आताच्या लॅपटॉपला ड्राइव्ह कुठली, एकाकडून बाहेरून जोडायची मागून आणली. तिसऱ्या सीडीवर आपलं पान सापडलं. आपण दोघांनी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून केलेलं, ते पहिलं.

उघडलं रे! आजच्या ब्राउझरमध्ये, काही न बदलता. टेबलात टेबल घालून रचलेला तो सगळा सांगाडा जसाच्या तसा उभा. वरची मार्कीची पट्टी अजून सरकते. मार्की कधीचा बाद ठरवलाय, तरी ब्राउझर तो चालवतात. तुझं नाव लुकलुकायचं, ते मात्र आता स्थिर आहे, कारण ब्लिंक फायरफॉक्सनेही २०१३ मध्ये काढून टाकला. मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसत होता. आपण युनिकोडमध्ये लिहिलं नव्हतं ना, फॉन्ट बसवला तरच वाचता येणारी ती अक्षरं होती. आणि मधोमध, जिथे तुझा फ्लॅशमध्ये (ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर) केलेला पक्षी उडायचा, तिथे एक करडा चौकोन.

त्या चौकोनाकडे बघत मी बराच वेळ बसलो.

तुला आठवतं, एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सचं ते जाहीर पत्र आलं होतं, आयफोनवर फ्लॅश का येऊ देणार नाही ते सांगणारं? तू तेव्हा नऊ-दहा वर्षं फ्लॅशमध्ये मुरलेला होतास. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ही फ्लॅशची भाषा तुझ्या हाताला होती, टाइमलाइनवर तू जे करायचास ते आमच्यापैकी कुणालाच जमायचं नाही. दोनेक वर्षांत तुझी कामं आटत गेली. एका रात्री तू मला फोन केलास आणि बराच वेळ बोलत होतास. आणि मी काय म्हणालो? "अरे, मग जावास्क्रिप्ट शीक की. त्यात काय एवढं?"

त्यात काय होतं, ते मला या पाच महिन्यांत कळलं. नवी भाषा शिकायला माणूस घाबरत नाही. तू तर नाहीच नाही. पण दहा वर्षांत हातात जे आलेलं असतं, कुठे थांबायचं, कुठे हलकेच वेग कमी करायचा, ते एका दिवसात कुणालाच नकोसं होतं, आणि जवळचा मित्रसुद्धा ते मोजत नाही. मी मोजलं नाही. तू नंतर ही लाइन सोडून चित्रकला शिकवायला लागलास, छान रमलास, म्हणून मीही ते विसरून गेलो. आज मनापासून माफी मागतो. उशीर फार झाला, पण मागतो.

आता माझ्यावर ती वेळ आलीय. जो कोड लिहायला मी आठवडा घ्यायचो, तो यंत्र मिनिटात लिहून देतं. मीही ते वापरतो, आणि कामाचं आहे ते. पण त्याने दिलेल्या पानावर मी आधी माउस बाजूला ठेवतो आणि नुसतं टॅब दाबत पुढे जातो. पुष्कळदा कुठेतरी अडतं, कारण बटणाच्या जागी डिव्ह (पानावरचा नुसता चौकोन) ठेवून त्याला क्लिक लावलेलं असतं. दिसायला बटणच. पण कीबोर्डने तिथे पोचता येत नाही, एंटर चालत नाही, स्पेस चालत नाही, आणि स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते बटण आहे हे कळतच नाही.

हे मला कुणी कोर्समध्ये शिकवलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका फॉर्मबद्दल एका दृष्टिहीन माणसाची तक्रार आली होती, फक्त तीन ओळींची. आमच्या सुंदर दिसणाऱ्या ड्रॉपडाउनवर तो अडकायचा, दरवेळी कुणाला तरी शेजारी बसवावं लागायचं. मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घेतला (तो फुकट मिळतो), स्क्रीन बंद केली आणि आमचाच फॉर्म भरायला बसलो. मलाही जमलं नाही. मग तो सगळा ड्रॉपडाउन उपटून काढला आणि ब्राउझरचाच साधा सिलेक्ट ठेवला, प्रत्येक रकान्याला त्याचं लेबल जोडलं. कोड दोनशे ओळींनी कमी झाला. आठवड्याने त्या माणसाची मेल आली: फॉर्म भरला, कुणाच्या मदतीशिवाय. वर्षाअखेरीच्या आढाव्यात मी ते लिहिलंसुद्धा नव्हतं, कारण काय लिहिणार? नवीन काहीच बांधलं नव्हतं. त्या मुलीने विचारलं तेव्हा मला हे सांगायला हवं होतं.

आपलं पान अजून का उघडतं, याचाही मी विचार करत होतो. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेब सगळ्यांसाठी खुलं केलं, कुणाचा हक्क न ठेवता. पण ते नुसतं खुलं आहे म्हणून टिकलेलं नाही, रोज कुणीतरी ते सांभाळतंय. २०१८ चं ते प्रकरण तुला माहीत नसेल. जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे (म्हणजे यादीच्या आतल्या याद्या) सपाट करणारी एक नवी सोय येणार होती, नाव ठरलं होतं फ्लॅटन. पण मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) त्याच नावाचं आपलं काहीतरी आधीपासून घातलेलं होतं, आणि नवं फ्लॅटन आलं की ती वापरणारी जुनी पानं मोडत होती. मूटूल्स तेव्हा मागे पडलेलीच होती, तरी नाव बदलून फ्लॅट केलं, का तर कुठलं तरी जुनं पान बंद पडू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं! मला अशा लोकांबरोबर काम करायचंय. पगार, पद सगळं नंतर.

मंगळवारी एक मुलाखत आहे. छोटी जागा आहे, अर्ज भरून घेणारी सरळ साधी प्रणाली चालवतात. या वेळी मी त्या फॉर्मची गोष्ट सांगणार आहे, विचारोत न विचारोत. घरीही काल सगळं नीट सांगून टाकलं, बचत किती महिने पुरेल ते कागदावर मांडून. त्याआधीचे महिने मी दहा वाजता लॅपटॉप उघडून कामात असल्यासारखा बसायचो. ते आता बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, पण काही लोकांनी मिळून रफल नावाचा प्रकार केलाय, रस्ट भाषेत. तो जुन्या फ्लॅशच्या फायली आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. मी आपल्या पानात त्याची एक ओळ घातली आणि पान पुन्हा उघडलं. चौकोन क्षणभर पांढरा झाला आणि तुझा पक्षी उजवीकडून आत आला. सेकंदाला १२ फ्रेम, पंख तसेच, वळताना मान आधी फिरवतो तेही तसंच. मी मोठ्याने हाक मारली, घरातले सगळे बघायला आले.

पान एका तात्पुरत्या पत्त्यावर ठेवलंय, दुवा सोबत पाठवतोय. तुझ्या विद्यार्थ्यांना दाखव. एक मात्र सांग मला: आत येताना तो एकदा थबकतो, जेमतेम दोन फ्रेम. हे रफलमुळे होतंय, की तू मुद्दाम तसं केलं होतंस? मला आठवत नाही, आणि मूळ फाईल तुझ्याचकडे असेल.

तुझाच,
लॅबमधला शेजारी