चिऊच्या सुकन्या खात्याबद्दल आई-बाबांना पत्र

पुणे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणालात, "पोस्टातलं सीनियर सिटिझनचं मोडतो आणि चिऊच्या नावानं सुकन्या काढतो." मागून आई, तुझा आवाज आला, "माझ्या पाटल्याही घाला त्यात." तेव्हा मी नुसतं "बघू" म्हटलं, कारण हे असं घाईत, चालता चालता बोलायचं नव्हतं. म्हणून पत्र लिहिते आहे. दोघं एकत्र बसून वाचा.

आधी मुख्य गोष्ट सांगते. बाबा, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले ते दहा लाख मोडू नका. आई, पाटल्या तुझ्या हातातच राहू देत. चिऊचं खातं निघणार आहे, पण ते मी आणि सुहास काढू आणि पैसेही आम्हीच भरू. तुमच्या म्हातारपणाच्या पैशावर माझ्या मुलीचं भविष्य उभं राहिलं तर मला त्याचा आनंद होणार नाही.

आणि बाबा, तुम्ही मनात आणलंत तरी ते खातं तुम्हाला काढता येणार नाही. सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना, आणि तिचं खातं मुलीची आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांनीच काढायचं असतं. अनेक आजी-आजोबांनी हौसेनं नातींची खाती काढली होती. केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयानं २०२४ मध्ये त्याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या: १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा खात्यांचं पालकत्व मुलीच्या आई-वडिलांकडे किंवा कायदेशीर पालकाकडे वर्ग करायचं. तुम्ही काढलेलं खातं शेवटी माझ्याकडेच आलं असतं आणि मधले हेलपाटे तुमच्या गुडघ्यांना पडले असते.

दुसरं, तुम्ही दहा लाख मोडून आणले तरी ते खातं एकदम घेणारच नाही. एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. उरलेले साडेआठ लाख बचत खात्यात लोळत पडले असते. आणि मोडण्याची किंमतही आहे. तुम्ही ते पैसे २०२३ मध्ये ठेवलेत, म्हणजे दोन वर्षं उलटून गेली आहेत. आता मुदतीआधी काढले तर मुद्दलाचा एक टक्का कापतात. दहा लाखांवर दहा हजार, हातोहात गेले.

तुम्ही पैसे ठेवलेत तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं आणि पाच वर्षं ते तसंच राहणार आहे. दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात. तुमच्या बीपीच्या गोळ्या, आईचं फिजिओथेरपीचं बिल, घरपट्टी, विजेचं बिल, सगळं त्यातून भागतं हे मला माहीत आहे, कारण तुमची वही मी पाहिली आहे. ते बंद झालं तर तुम्ही माझ्याकडे मागणार नाही. निमूटपणे एखादी गोळी अर्धी कराल. हे होऊ नये म्हणून मी एवढी अडून बसले आहे.

आता चिऊच्या खात्याबद्दल. तुम्हाला ही योजना आवडते, मलाही आवडते. २२ जानेवारी २०१५ ला पानिपतला 'बेटी बचाओ, बेटी पढाओ'बरोबर ती सुरू झाली. पानिपत निवडण्यामागं कारण होतं. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३४ मुली होत्या. आणि आपल्याला हरियाणाकडं बोट दाखवायची सोय नाही. आपल्या महाराष्ट्रात २००१ मध्ये हाच आकडा ९१३ होता, २०११ मध्ये तो ८९४ वर आला. शिकल्या-सवरलेल्या, सोनोग्राफीची मशिनं असलेल्या आपल्या राज्यात. नातीच्या नावानं पासबुक निघावं अशी तुमची ओढ आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. चिऊ झाली तेव्हा बाबा तुम्ही पेढे वाटलेत, बर्फी नाही, आणि कुणी विचारलं तर ठणकावून सांगितलंत. ते मी विसरलेले नाही.

मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं काढावं लागतं. एका मुलीच्या नावानं एकच खातं, आणि एका घरात दोन मुलींपर्यंत. जुळी-तिळी झाली तर सवलत आहे. वर्षाला किमान २५० रुपये. ते चुकले तर खातं थकीत होतं, मग चुकलेल्या प्रत्येक वर्षामागं ५० रुपये दंड भरून सुरू करून घ्यायचं. व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिल्लकीवर धरतात, म्हणून आमचे पैसे दर महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातील असं बँकेला सांगून ठेवते आहे.

एक गैरसमज मात्र नीट काढून टाकायला हवा, कारण फोनवर तुम्हीही तसंच म्हणालात. खातं मुलीच्या एकविसाव्या वर्षी पिकत नाही. ते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पिकतं. चिऊ आता चार वर्षांची आहे. पैसे पंधरा वर्षं भरायचे, म्हणजे ती एकोणीस वर्षांची होईपर्यंत. पुढची सहा वर्षं काही भरायचं नाही, नुसतं व्याज चढत राहतं, आणि पूर्ण रक्कम हातात येते ती तिच्या पंचविसाव्या वर्षी. बारावीनंतर तिला मेडिकलला किंवा इंजिनीअरिंगला जायचं झालं, तर तेव्हा सगळं मिळणार नाही. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर, यातलं जे आधी होईल त्यानंतर, शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीपैकी निम्मे काढता येतात. त्यालाही कॉलेजची फी किंवा प्रवेशाचा कागद लागतो आणि फीपेक्षा जास्त देत नाहीत. हवं तर वर्षाला एकदा असं पाच वर्षांत काढता येतं.

मी रात्री बसून हिशेब केला. महिन्याला पाच हजार भरले आणि व्याज आजच्यासारखं ८.२ टक्केच राहिलं असं धरलं, तर पंधरा वर्षांत आमचे नऊ लाख जातात आणि शेवटी साडेसत्तावीस लाखांच्या थोडे वर मिळतात. चौदा वर्षं भरून झाल्यावर, म्हणजे तिच्या अठराव्या वर्षी, पंधरा लाखांच्या जरा वर शिल्लक असेल. निम्मे म्हणजे साडेसात लाखांच्या आसपास. हे सगळं करमुक्त.

पण बाबा, साडेसत्तावीस लाख ऐकून हुरळून जाऊ नका. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर एकवीस वर्षांनंतरच्या त्या रकमेची आजची किंमत आठ लाखांच्या आसपास होते. आठ लाखही लहान रक्कम नाही, पण त्यात एका मुलीचं सगळं आयुष्य उभं राहील असं जे एजंट लोक सांगतात ते खरं नाही. आणि ८.२ चा आकडाही कुठं कायमचा लिहून दिलेला नाही. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं. सुरुवातीला ९.१ होता, २०२० मध्ये ७.६ वर उतरला, जानेवारी २०२४ मध्ये ८.२ झाला. तुमच्या सीनियर सिटिझनच्या पैशांचा दर ठेवलेल्या दिवशी बांधला जातो, सुकन्याचा तसा बांधला जात नाही. म्हणून आम्ही सगळं एकाच खात्यात घालणार नाही. चिऊ झाली त्या वर्षी मी माझ्या नावानं पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं, उघडलं होतं. त्याला व्याज कमी आहे, ७.१ टक्के, पण ते ती दहावी-अकरावीत असताना सुटेल. अकरावी-बारावीचे क्लास, वसतिगृह यांना ते उपयोगी पडेल, आणि सुकन्याला हात लावायची वेळ लांबेल.

आई, आता तुझ्याशी बोलते. फोन ठेवताना तू म्हणालीस, "लग्नाची काळजी मिटली." नियमात लग्नासाठी खातं बंद करायची सोय आहे हे खरं. मुलीला अठरा पूर्ण हवीत, आणि लग्नाच्या आधी एक महिना ते नंतर तीन महिने एवढ्याच काळात. पण या पैशाला घरात कुणी लग्नाचा पैसा म्हणू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. चिऊच्या समोर तर नकोच. चार वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

तुला आठवतं ना, बाबांनी माझ्यासाठी किसान विकास पत्रं घेतली होती? तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायची (आता त्याच पत्राला ११५ महिने लागतात). लोखंडी कपाटात, तुझ्या शालूच्या खाली असायची ती. नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक होतं की ती माझ्या लग्नाची आहेत. आणि मला एम.एस्सी.ला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहाचे पैसे कुठून आणायचे यावर घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. शेवटी तूच कपाट उघडलंस. म्हणालीस, पोरीचे पैसे पोरीलाच लागतात आहेत. बाबा दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. माझं लग्न नंतर साधंच झालं, दोन्ही घरच्या माणसांत, आणि आजवर एकदाही त्यात काही कमी पडलं असं मला वाटलेलं नाही. आज माझा जो पगार आहे, ज्यातून मी चिऊचे पाच हजार भरणार आहे, तो त्या पत्रांतून आलेला आहे. हे मी तुम्हाला कधी नीट बोलून दाखवलं नव्हतं.

म्हणून मला सुकन्याच्या नियमांतला एक नियम सगळ्यांत जास्त आवडतो. मुलगी अठरा वर्षांची झाली की खातं तिनं स्वतः चालवायचं. पालकाची सही संपते, तिची सुरू होते. तिनं त्यातून शिकावं, दुकान काढावं, राहू द्यावं, लग्नात वापरावं, ते तिनं ठरवावं. आम्ही तिला तोवर पासबुक वाचायला शिकवू, एवढं आमचं काम.

तुम्हाला त्यात भर घालायची असेल तर जरूर घाला, पण लहान आणि व्याजातून. वाढदिवसाला, पाडव्याला तिला जे पाकीट देता, ते आता खेळण्यांत न जाता खात्यात जाईल. माझ्याकडे द्या, मी भरीन आणि पासबुकाचं पान तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवीन. पन्नासच्या पटीत असलं की झालं. दादाच्या रियासाठी मात्र हे खातं निघणार नाही, कारण ते भारतात राहणाऱ्या भारतीय मुलीसाठीच आहे. तिच्यासाठी काही करावंसं वाटलं तर दादाशीच बोला.

बाबा, तुमच्या हाताला काम हवं आहे हे मला कळतं. एक खरं काम सांगते. मंगलमावशींच्या सुनेला गेल्या वर्षी मुलगी झाली ना? त्यांचं रेशनकार्ड केशरी आहे. राज्य सरकारची 'लेक लाडकी' योजना अशाच घरांसाठी आहे. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी कार्ड आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखापर्यंत. जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १ लाख १ हजार. टप्पे शाळेला बांधलेले आहेत, म्हणून मुलगी शाळेत टिकली तरच पुढचे पैसे येतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. जन्माचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक अशी कागदं लागतात. मावशींना ही कागदं जमवणं अवघड जाईल, तुम्हाला ते एका आठवड्याचं काम. आणि जमलं तर त्या बाळाचं सुकन्या खातंही तिच्या आईला काढायला लावा. वर्षाला २५० म्हणजे महिन्याला एकवीस रुपये, त्यांना झेपेल. चिऊसाठी दहा लाख मोडण्यापेक्षा तुमच्या या धावपळीनं एका मुलीचं जास्त भलं होईल.

जाता जाता, पोस्टात गेलात की तुमच्या सीनियर सिटिझनच्या पासबुकावर नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे की नाही ते बघून या. नसेल तर फॉर्म भरून टाका आणि आईलाही बरोबर न्या, म्हणजे तिला खिडकी माहीत होईल. पुढच्या महिन्यात आम्ही येतो आहोत. चिऊचा जन्मदाखला तुमच्याकडच्या फाइलमध्ये आहे, तो तेवढा काढून ठेवा. खातं काढायला मूळ प्रत दाखवावी लागते.

तब्येतीला जपा. चिऊचा आजी-आजोबांना पापा.

तुमची,
नीलू