पावडरच्या बाटलीत पाणी कोण घालणार?

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की आधी बालरोगतज्ज्ञांकडे आणि मग आमच्या दुकानापुढे आई-बापांची रांग लागते. मी तालुक्याच्या गावी फार्मासिस्ट आहे. अँटिबायोटिकच्या अतिरेकावर वर्तमानपत्रांतून लिहून येतं, ते योग्यच आहे. साधी सर्दी, साधा खोकला बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग होत नाही. पण कानात पू झालाय, न्यूमोनिया आहे, डॉक्टरांनी तपासून, विचार करून अँटिबायोटिक लिहिलंय, अशा मुलाच्या पोटात ते नीट कसं जावं याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

मुलांची बरीच अँटिबायोटिक सिरप दुकानातून निघतात तेव्हा ती सिरप नसतातच. बाटलीत तळाशी कोरडी पावडर असते. पाण्यात मिसळल्यावर औषध फार दिवस टिकत नाही, म्हणून ती तशी येते. आणि ती घरी कालवायची जबाबदारी येऊन पडते रात्री नऊ वाजता तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेतलेल्या आईवर. बाटलीवरच्या सूचना इंग्रजीत, त्याही मुंगीच्या अक्षरात.

मग काय होतं? बाटलीवर ३० मिली लिहिलंय म्हणून कुणी ३० मिली पाणी मोजून ओततं. वास्तविक पावडर आणि पाणी मिळून ३० मिली व्हायला हवं. पाणी जास्त झालं की प्रत्येक डोस पातळ. कुणी घाईत खुणेच्या खालीच थांबतं, तिथे डोस कडक. कुणी पावडर विरघळावी म्हणून गरम पाणी घालतं, आणि उष्णतेने औषधच खराब होतं. डॉक्टरांनी वजनावरून काटेकोर काढलेला हिशेब असा स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाया जातो. मूल तीन दिवसांनी बरं वाटत नाही म्हणून पुन्हा दवाखान्यात, आणि मग ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून आणखी वरचं अँटिबायोटिक.

खरी पद्धत दोन मिनिटांची आहे. बाटली आधी हलवून किंवा हातावर आपटून पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी किंवा सोबत आलेलं निर्जंतुक पाणी घ्यायचं. त्यातलं थोडं ओतून झाकण लावून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग बाटलीवरच्या खुणेपर्यंतच पाणी भरून पुन्हा हलवायचं. फेसाच्या वरून खूण बघितली तर फसगत होते. पुढेही प्रत्येक डोसच्या आधी बाटली हलवायलाच हवी, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस नुसतं गोड पाणी आणि शेवटचे दामदुप्पट.

माझं म्हणणं एवढंच, की हे काम आम्ही काउंटरवर करून द्यावं. आमच्या व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही, ठाऊक आहे. संध्याकाळी गर्दी असते, पाणी घातलेली बाटली परत घेता येत नाही, फार्मासिस्ट जेवायला गेलेला असतो (हे शेवटचं कारण कुणी मोठ्याने सांगत नाही). पण रुग्णाला औषध कसं घ्यायचं, कसं ठेवायचं हे समजावून सांगणं फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार आमचं कर्तव्यच आहे, मेहेरबानी नव्हे. घर लांब असेल, एसटीने दोन तास जायचं असेल, तर बाटली न कालवता द्यावी, पण खुणेवर पेनाने ठळक रेघ ओढून, करून दाखवून.

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती डॉक्टर मंडळींनीही ऐकावी. ५ मिली दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे ५० मिली झाले. ३० मिलीची बाटली तीन दिवसांत संपते. चिठ्ठीवर ‘एक बाटली’ असेल, किंवा पालकांनी पैशांअभावी एकच नेली असेल, तर बाटली संपली की कोर्स संपला असं घरात धरलं जातं. तेव्हा किती मिली, किती वेळा, किती दिवस आणि किती बाटल्या, हे सगळं चिठ्ठीवर असावं. दुसरी बाटली पहिली संपल्यावरच कालवायची, हे सांगावं. आणि ‘एक चमचा’ हा शब्द डॉक्टरांनी सोडून द्यावा. कुणाचा चमचा चहाचा, कुणाचा पोह्यांचा. सोबतच्या टोपणावर २.५, ५ अशा रेघा असतात. साडेतीन मिली त्यात मोजायचे कसे? त्यासाठी ५ मिलीची बिनसुईची सिरिंज सगळ्यात चांगली. काही रुपयांत मिळते. सोबत सुई असेल तर ती आणि सिरिंजचं लहान टोपण दुकानातच काढून टाकावं. टोपण मुलाच्या घशात अडकू शकतं.

त्याच नावाच्या औषधाच्या ताकदी वेगवेगळ्या असतात, इकडेही लक्ष हवं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल या अँटिबायोटिकचं सिरप ५ मिलीत २२८.५ मिलिग्रॅमचं असतं आणि ४५७ चंही. एकाच्या जागी दुसरं गेलं की मिली तेवढेच, डोस दुप्पट किंवा निम्मा. लहान बाळांच्या ड्रॉप्सची ताकद तर आणखी वेगळी असू शकते. म्हणून मागच्या वेळचा अंदाज धरून औषध देऊ नये, थोरल्याची बाटली धाकट्यालाही नको.

हे अमॉक्सि-क्लॅव्ह कालवल्यावर फ्रीजमध्ये ठेवावं लागतं (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यावं लागतं. घरी फ्रीज नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं, लाजू नये. फ्रीज न लागणारी औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांनीच निवडायची. हे औषध खाण्याच्या सुरुवातीला दिलं तर पोट कमी बिघडतं. दुधाच्या बाटलीत मिसळून देऊ नये. मुलाने अर्धं दूध टाकलं की किती डोस गेला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण कृपया औषधाला लावू नका. रडणाऱ्या मुलाला आडवं पाडून, नाक दाबून ओतलेलं औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाला बसतं धरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडावं. लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारावं. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. अंगावर गांधी उठल्या तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना दाखवावं; ओठ-चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावं.

लोकांना ती चटकन ओळखू यावीत म्हणून केरळने २०२४ मध्ये अँटिबायोटिक्स निळ्या पाकिटांतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे निदान कोरड्या सिरपच्या प्रत्येक बाटलीसोबत चित्रं असलेली मराठी चिठ्ठी आणि एक सिरिंज द्यायला काय हरकत आहे? अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांकडे हा आग्रह धरावा. तोवर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या केमिस्ट संघटनांनी ही चिठ्ठी स्वतः छापून दुकानांत वाटावी. दरवर्षी आम्ही गिऱ्हाइकांना जी कॅलेंडरं वाटतो, त्यांच्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल.

आपला,
एक फार्मासिस्ट, जि. सातारा