कशाला पाहिजे?

रेडिंग, रविवार

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. बाबांच्या डाव्या हाताला बसून वाच, त्या कानानं त्यांना अजून बरं ऐकू येतं.

काल रात्री मी बीबीसीच्या एका जुन्या कार्यक्रमाचा भाग पाहिला. कार्यक्रमाचं नाव 'द टू रॉनीज'. दोन विनोदी नट, दोघांचंही नाव रॉनी. रॉनी बार्कर अंगानं भरलेले, रॉनी कॉर्बेट उंचीला जेमतेम पाच फूट. १९७१ ते १९८७ अशी सोळा वर्षं हा कार्यक्रम चालला. छोटी छोटी प्रहसनं, मध्ये एखादं गाणं, आणि मोठ्या थोरल्या खुर्चीत बसून कॉर्बेट एक लांबण लावलेली गोष्ट सांगतात. सांगता सांगता ते दहा वेळा भरकटतात आणि पुन्हा मूळ जागी येतात. आपले नानामामा सांगायचे तशीच. मी पाहिलेला भाग सप्टेंबर १९७६ मधला. त्या मोसमात जुन्या लंडनमध्ये तोंडानं घाणेरडे आवाज काढत फिरणाऱ्या एका गूढ माणसाची मालिकाही दर आठवड्याला असायची. ती मला मुळीच आवडली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहीत नाही.

मला लिहायचंय ते एका प्रहसनाबद्दल. ते सुरू झालं आणि घास माझ्या हातातच राहिला. समोर आपलं दुकान होतं!

खरंच सांगते बाबा. लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या आणि खोकी, वरच्या खोक्यांसाठी शिडी. काउंटरमागे कामाचा लांब कोट घातलेले छोटेसे कॉर्बेट. हार्डवेअरचं दुकान, आणि आपल्यासारखंच सगळं ठेवणारं. बार्कर गिऱ्हाईक होऊन येतात. कामकरी माणूस, हातात यादीचा कागद. ते म्हणतात, "फोर कँडल्स." म्हणजे चार मेणबत्त्या. कॉर्बेट चार मेणबत्त्या आणून ठेवतात. गिऱ्हाईक बघतो आणि म्हणतो, "नाही, फोर्क हँडल्स. फोर्कला लावायचे हँडल्स."

फोर्क म्हणजे जेवायचा काटा नव्हे. इथे बागेतली माती उलटायला चार दात्यांचं, फावड्यासारखं उभ्यानं वापरायचं अवजार असतं, त्यालाही फोर्कच म्हणतात. त्याचा दांडा मोडलेला. आपल्याकडे पाऊस तोंडावर आला की माणसं कुदळीचा दांडा मागायला यायची, तसाच हा आला होता.

आई, आता तुझा विषय. लंडनच्या कष्टकरी माणसाच्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळून पडतो. 'फोर' आणि 'फोर्क' मधला 'र' तर इथले बहुतेक लोक उच्चारतच नाहीत, तो 'ओ' मध्ये विरून जातो. मग 'फोर कँडल्स'चं होतं 'फो कँडल्स' आणि 'फोर्क हँडल्स'चं होतं 'फोक अँडल्स'. देवनागरीत लिहिल्यावर मला ते जास्त स्पष्ट दिसलं. मधला एकच 'क'. तो अलीकडच्या शब्दाला जोडला तर दांडे, पलीकडच्या शब्दाला जोडला तर मेणबत्त्या. नववीच्या वर्गात फळ्यावर 'सुमने' आणि त्याखाली 'सु-मने' लिहून तू आम्हाला सभंग श्लेष शिकवला होतास. हा अगदी तोच अलंकार, फक्त हार्डवेअरच्या काउंटरवर आलेला.

पुढे यादी वाढत जाते. तो 'प्लग' मागतो, कॉर्बेट बाथटबच्या भोकाला लावायचे रबरी बूच काढतात आणि माप विचारतात. उत्तर येतं, "तेरा अँपिअर." मग तो नुसतं 'ओज' म्हणतो. 'ह' पडलेला असल्यामुळे ते खुरपणीचं अवजार 'हो' असू शकतं, पाण्याची नळी 'होज' असू शकते, बायकांचे लांब मोजेही असू शकतात. कॉर्बेट एकेक आणून दाखवतात. त्याला हवं असतं 'ओ' हे अक्षर, फाटकावर घराचं नाव लावायला. नग दोन. अक्षरांचं खोकं वरच्या फळीवर. कॉर्बेट शिडी चढतात, खोकं आणतात, दोन 'ओ' देतात, खोकं परत वर ठेवून येतात. मग तो म्हणतो, "पीज." कॉर्बेट पुन्हा शिडी चढतात, 'पी' या अक्षराचं खोकं खाली आणतात. त्याला हवे असतात मटार. तीन डबे.

बाबा, इथे सगळे हसतात आणि मीही हसले, पण माझं लक्ष त्या शिडीवरच राहिलं. तुम्ही दिवसातून किती वेळा चढायचात ती? कोपऱ्यातल्या बिजागऱ्या, वरच्या कप्प्यातले पितळी कोयंडे, सगळ्यात वर कंदिलाच्या काचा. कॉर्बेट दुसऱ्यांदा वर चढतात तेव्हा त्यांच्या पाठीवरून कळतं की माणूस आतून संपत चाललाय. तरी ते गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढत नाहीत. एकेक वस्तू आणतात, काउंटरवर ठेवतात आणि पुढचा शब्द ऐकायला उभे राहतात.

शेवटी ते वैतागून यादी हिसकावून घेतात, वाचतात, आणि मागच्या माणसाला हाक मारून गिऱ्हाईक त्याच्या हवाली करतात. अगदी शेवटची ओळ एका कोयत्यासारख्या अवजाराच्या नावावरचा चावट श्लेष आहे. मला तो शेवट तोकडा वाटला. बार्करनाही तो पुरेसा वाटला नसावा, कारण पुढे रंगमंचावर हेच प्रहसन करताना त्यांनी शेवट बदलला. बाकी सगळं मात्र इतकं घट्ट विणलेलं आहे की एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही.

ते लिहिलंही बार्करनीच, पण जेरल्ड वाइली या खोट्या नावानं. मोठ्या नटानं लिहिलंय म्हणून कुणी उगाच वाहवा करू नये, लेखन लेखनाच्या गुणावर उतरलं पाहिजे, म्हणून ते आधीच्या एका कार्यक्रमापासूनच या नावानं मजकूर पाठवायचे. हा वाइली कोण, यावर सहकाऱ्यांमध्ये पैजा लागायच्या. कुणी बड्या नाटककारांची नावं घ्यायचं. एक दिवस सगळ्यांना जेवायला बोलावून ते उभे राहिले आणि म्हणाले, तो मीच. आई, सहामाहीचे पेपर तपासताना तू नावाची बाजू दुमडून ठेवायचीस. माझाही पेपर त्यातच असायचा. मला ते तेव्हा आवडत नसे. आता समजतं.

विचार करत राहिले, आपल्या काउंटरवर असं का घडलं नाही? शब्द तर आपलेही तसलेच होते. पाना म्हटलं की कारागिराला एक कळतं आणि पोराला झाडाची पानं दिसतात. आणि चुका! नवीन लागलेल्या पोराला गिऱ्हाईक म्हणालं, "पाव किलो चुका दे," आणि त्यानं सांगितलं, "आमच्याकडे चुका होत नाहीत." तुम्ही हसला नाहीत. त्याला हाताशी धरून खिळ्यांच्या कप्प्यापाशी नेलंत, बारीक चुका त्याच्या तळहातावर ठेवल्यात आणि म्हणालात, "ही चूक. चपलेला, खुर्चीच्या रेक्झिनला लागते." त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक कप्प्याच्या बाहेर त्यातला एक एक नमुना तारेनं बांधून ठेवलात.

काल तो भाग दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं की कॉर्बेट 'कसला?' विचारतात, 'केवढा?' विचारतात, 'किती?' विचारतात. एकदाही 'कशाला पाहिजे?' असं विचारत नाहीत. तेवढं विचारलं असतं तर प्रहसन पहिल्या मिनिटातच संपलं असतं. आणि गिऱ्हाईकही फक्त यादीतलं नाम वाचतो. काय मोडलंय, कुठे लावायचंय, हे आपणहून सांगत नाही. लेखकाची सगळी कारागिरी या एका न विचारलेल्या प्रश्नावर उभी आहे.

आणि तुमचा तर पहिलाच प्रश्न तो असायचा. पेन्सिल कानावर, हात काउंटरवर, आणि "कशाला पाहिजे?" वायसर मागितला की "नळाला का मोटारीला?" एक बाई दोरी मागायला आली होती, मी तेव्हा काउंटरखाली बसून गृहपाठ करत होते. तुम्ही विचारलंत, कशाला? ती म्हणाली, पाळण्याला. तुम्ही हातात घेतलेला नायलॉनचा गुंडाळा परत ठेवलात आणि सुती दोर काढलात. "नायलॉनची गाठ सरकते, ताई." दोन्ही टोकांना गाठी मारून, ओढून दाखवून मग दिलात. पैसे कमी मिळाले त्यात. मला ते अजून जसंच्या तसं दिसतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

मागच्या वर्षी मी फोनवर 'वीस तारखेला येते' म्हणाले आणि तुम्ही 'तीस' ऐकलंत. रात्री विमानतळावर मी दोन तास थांबले, मग एसटीनं पहाटे कराडला पोचले. तुम्ही दार उघडलंत, माझ्याकडे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलंत आणि "मी तीस ऐकलं" एवढंच म्हणालात. त्यानंतर दिवसभर तुम्ही कुणाशी धड बोलला नाहीत. मला त्या दोन तासांचं काहीच वाटलं नव्हतं. तुमच्या त्या गप्प बसण्याचं वाटलं, आणि अजून वाटतं.

बाबा, वयानं कान कमी होतो तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही. बारीक, तीव्र आवाज आधी जातात. म्हणजे 'अ', 'ई', 'ओ' हे स्वर बरे ऐकू येतात, पण त, स, श, क असे हलके वर्ण निसटतात. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतोय, पण काय बोलताय ते कळत नाही." तुम्ही हेच वाक्य आईला म्हणाला होतात. 'वीस' आणि 'तीस' मध्ये फरक तो केवढा? एका वर्णाचा. त्या प्रहसनातही एका 'क'नं सगळा घोळ केला. यात तुमचा काही दोष नाही, आणि यात लाजण्यासारखं तर काहीच नाही.

पण हल्ली तुम्ही विचारणं सोडलंय. फोनवर मी काहीही सांगितलं की "हो, हो, बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा विचारून मगच शिडीला हात लावणारा माणूस स्वतःच्या मुलीला एकदाही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मला विचारा ना, "काय म्हणालीस? परत सांग." दहा वेळा विचारा. मी दहा वेळा सांगेन.

आणि कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन एकदा तपासणी करून घ्या. दुखत नाही त्यात काही. कानावर हेडफोन लावतात, बारीक मोठे आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. आई, तू बरोबर जा. यंत्र बसवायचं की नाही हे मी आल्यावर तिघं मिळून ठरवू. आजकालची यंत्रं कानामागे दिसतही नाहीत. पण दिसली तरी काय झालं? चष्मा लावताच की.

बाबा, त्या बार्करबद्दल एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली होती. १९८७ च्या अखेरीस, अठ्ठावन्नाव्या वर्षी, नाव शिखरावर असताना त्यांनी अभिनय थांबवला. आई, तू शाळेतून ज्या वयाला निवृत्त झालीस त्याच वयाला. आणि मग त्यांनी काय केलं असेल? ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टन या छोट्या गावात बायकोबरोबर जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं. सगळ्या देशाला गिऱ्हाईक म्हणून माहीत झालेला माणूस स्वतः काउंटरमागे जाऊन उभा राहिला. धंदा काही फार चालला नाही म्हणे, पण दुकान बरीच वर्षं चालवलं. २००५ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबे या इथल्या सगळ्यात मानाच्या चर्चमध्ये त्यांची स्मृतिप्रार्थना झाली. तिथे क्रूसापुढे एरवी दोन मेणबत्त्या धरून चालतात. त्या दिवशी चार धरल्या. दहा वर्षांनी कॉर्बेट गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीलाही वेदीपाशी चार मेणबत्त्या होत्या. हे वाचताना माझे डोळे भरून आले. हार्डवेअरच्या दुकानातल्या एका चुकीच्या ऐकण्याला अख्ख्या देशानं एवढ्या मायेनं जपून ठेवलंय.

तो भाग मी येताना घेऊन येते. आपण तिघं बसून बघू. मी मध्ये मध्ये थांबवून सांगेन, आणि कुठली वस्तू आपल्याकडे कुठल्या फळीवर होती ते तुम्ही सांगा. फोर्कच्या दांड्याला आपल्याकडे बाभळीचं लाकूड चाललं असतं का, तेही मला विचारायचंय.

मी येत्या महिन्याच्या वीस तारखेला पोचते. वीस. विहिरीतला वी. दोन दहा. आई, बाबांना हे दोनदा वाचून दाखव आणि कॅलेंडरवर त्यांच्याच हातानं गोल करून घे.

तुमची,
माधवी