आईच्या जेवणाबद्दल

मालवण, 22 जुलै

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. आईला प्रतिकारशक्तीसाठी कुठली पावडर पाठवू, असं तू विचारलंस. डबा पाठवू नकोस. का, ते सविस्तर लिहितो.

परवा दुपारी गेलो तेव्हा ती जेवत होती. वाडगाभर उकड्या तांदळाची पेज आणि तोंडाक लोणच्याची फोड. रात्रीही तेच. "एकटीसाठी काय रांधूचा?" म्हणाली. फोड तिने नुसती चोखून ताटलीच्या कडेला ठेवली, तेव्हा कळलं की खालची कवळी सैल झाली आहे. भूक नाही म्हणते, त्यातलं अर्धं दुखणं इथे आहे.

वय झालं की अंगात एक बारीक दाह कायम चालू राहतो. ताप नसतो, सूज दिसत नाही, पण दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात थोडी चढलेलीच असतात. इटलीचे संशोधक क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी 2000 साली याला 'इन्फ्लमेजिंग', म्हणजे वयासोबत येणारा दाह, असं म्हटलं. दुसरीकडे, विषाणूंशी लढणाऱ्या टी-पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली असते. त्यामुळे नवा विषाणू आला की म्हातारं शरीर उशिरा जागं होतं, आणि एकदा दाह पेटला की लवकर आवरत नाही. फ्लू असो की कोविड, फुप्फुसांचं बरंचसं नुकसान त्या दाहानेच होतं.

यात पेजेचा काय संबंध? विषाणूंना रोखणारी प्रतिपिंडं ही प्रथिनंच. ती करायला लागणारा माल ताटातून आला नाही, तर आजारपणात शरीर स्वतःचे स्नायू मोडून तो उभा करतं. आठवडाभराच्या तापातून उठलेलं माणूस काठी धरतं ते म्हणूनच. या वयात वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. आई 45 किलोची धर, म्हणजे 45 ते 54 ग्रॅम. दोन वाडगे पेजेतून त्यातली दहासुद्धा भरत नाहीत रे! मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब बदलतो, तेवढं डॉक्टरांना विचारून घे.

मासेमारीची बंदी 31 जुलैला उठेल, पण ती श्रावण पाळते. तोवर कुळथाची पिठी. शंभर ग्रॅम कुळथात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, आणि पिठीला दात लागत नाहीत. सोबत दूध, दही, मऊ शिजवलेली मुगाची डाळ. टाकळा, शेवग्याचा पाला बारीक चिरून घातला तर उत्तम. भाजी-कडधान्यांतल्या चोथ्यावर आतड्यातले जीवाणू जगतात, आणि दाह आवरणारी काही द्रव्यं तेच बनवतात.

गणपतीनंतर बांगडा, तारली, पेडवे. पापलेट-सुरमईच्या मागे लागायला नको. या स्वस्त, तेलकट मासळीत ओमेगा-3 भरपूर, आणि दाहाचं काम संपलं की तो विझवणारी द्रव्यं शरीर त्यातूनच करतं. बांगड्याचं तिखलं करायचं, तळायचा नाही. काटे काढून तिच्या ताटात द्यायचा. सुका जवळा चालेल, पण धुऊन, भिजवून, कारण तिला ब्लडप्रेशर आहे. मासळीतून जस्त आणि सेलेनियमही मिळतं. जस्ताच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस, जास्त झालं की तांबं कमी पडतं. ड जीवनसत्त्व मात्र तपासून घे. पावसाचे महिने ती माजघराबाहेर पडतच नाही.

खाण्याने विषाणू दारात अडत नाही, हेही लक्षात ठेव. फ्लूची लस हवीच, आणि नीट खाणाऱ्या शरीराला तिचा उपयोग करून घेणं जमतं. चतुर्थीला मुंबईहून सगळे सर्दी-खोकला घेऊन उतरतील, त्याच्या आधी लस टोचून घेऊ. मी नेतो तिला.

तू एवढं कर: कवळी बसवून देणाऱ्या दंतवैद्याचे पैसे पाठव, आणि शेजारच्या वहिनींशी बोल. दुपारचं जेवण त्यांच्याकडे झालं तर ती दोन घास जास्त खाईल. त्या तयार आहेत, पण आईने ऐकायला हवं, आणि ती ऐकेल तर तुझंच.

तुझा,
दिगंबर