नुसते ‘९ मिमी’ लिहून विकलेल्या काडतुसांच्या केसेसबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘निवडलेल्या ९ मिमी केसेस’च्या पिशवीत भेसळ, आणि सोबतचा धोकादायक तक्ता

महोदय,

रिलोडिंगसाठी (वापरलेले काडतूस पुन्हा भरण्यासाठी) तुमच्याकडून घेतलेल्या वापरलेल्या पितळी केसेसच्या, म्हणजे काडतुसांच्या नळकांड्यांच्या, पिशवीवर ‘९ मिमी, निवडलेल्या’ असे छापले आहे. आत ९×१९ लुगरबरोबर .३८० एसीपी आणि ९×१८ मकारोव्ह या वेगळ्या पिस्तुली काडतुसांच्याही केसेस निघाल्या. यावर तुमच्या विभागाचे उत्तर आले, “सगळ्या ९ मिमीच आहेत, फरक पडत नाही.” खरी तक्रार या उत्तराबद्दल आहे.

लुगरची केस १९.१५ मिमी लांब असते, मकारोव्हची साधारण १८.१ आणि .३८० ची १७.३. .३८० निदान लपत नाही: तिची रिम (बुडाची कडा) सुमारे ९.५ मिमीची, लुगरची ९.९६, त्यामुळे केस धरणाऱ्या शेलहोल्डरमध्ये ती सैल डुलते. मकारोव्ह मात्र फसवते. तिची रिम जवळजवळ लुगरएवढीच, शेलहोल्डरला काही कळत नाही. लुगरच्या साइझिंग डायमधून (केस दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून) निघाली की ती दिसायलाही लुगरसारखी होते, फक्त एक मिलिमीटर आखूड. १९.१५ ला लावलेला एक्सपांडर (केसचे तोंड रुंदावणारे साधन) तिच्या तोंडाला जेमतेम टेकतो. तोंड पुरेसे उघडत नाही, गोळी बसताना कडेला खरवडते, आणि पुढे टेपर क्रिंपही (गोळी धरून ठेवणारी तोंडाची आवळणी) नीट लागत नाही. अशी गोळी पिस्तुलात भरताना फीड रॅम्पवर (काडतूस नळीकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून आत सरकली की केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो. शिवाय ही काडतुसे चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत) केसच्या तोंडावर टेकतात. आखूड केस तिथवर पोचतच नाही, नुसती एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) आधाराने लटकते.

तुमच्याकडूनच घेतलेल्या गोळ्यांच्या डबीवरही ‘९ मिमी’ एवढेच. लुगर आणि .३८० ची गोळी .३५५ इंच, म्हणजे सुमारे ९.०२ मिमी, मकारोव्हची ९.२७. लुगरच्या केसमध्ये ती बसवली तर तोंड फुगते आणि काडतूस चेंबरमध्ये अडते. उलट .३५५ ची गोळी मकारोव्हच्या नळीत ढिली पडते, बाजूने वायू निसटतो आणि नेम जातो. (.३८ स्पेशल या काडतुसाची गोळीही नावाप्रमाणे .३८ ची नसून .३५७ इंचाची असते. नावावर विसंबू नये हे या धंद्यात तुम्हाला आम्ही सांगायचे का?)

सर्वांत गंभीर बाब पिशवीतल्या तक्त्याची. त्यात ‘९ मिमी’ या मथळ्याखाली पावडरचे एकच वजन आहे, तेही लुगरचे. सॅमी या अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादक संघटनेच्या मानकात लुगरची कमाल दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३८० ची २१,५००. .३८० च्या केसमध्ये जागाही कमी. तुमच्या तक्त्यावर भरवसा ठेवून .३८० भरणाऱ्याच्या हातात काय फुटेल, याचा विचार हा कागद छापण्यापूर्वी व्हायला हवा होता.

मागण्या अशा: पिशवी व गोळ्या परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तक्ता ताबडतोब मागे घ्यावा, आणि तो ज्यांना गेला त्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवावे. यापुढे लेबलवर काडतुसाचे पूर्ण नाव, केसची लांबी आणि गोळीचा व्यास छापावा. निवड हेडस्टॅम्प (केसच्या बुडावरचा शिक्का) पाहून आणि कॅलिपरने मोजूनही व्हावी, कारण लुगरच्या केस कापून मकारोव्ह बनवणारे बरेच आहेत आणि कापलेल्या केसवर शिक्का लुगरचाच राहतो.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे. कळावे.

आपला,
एक ग्राहक