ताई गेल्या

ठाणे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर मला रडू आलं आणि बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून हे पत्र. आमच्या ताई गेल्या. ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, अभ्यासात १२ वर्षं आम्ही एका टेबलाशी बसलो, एका डब्यातलं जेवलो.

नौपाड्यातल्या त्या घराबद्दल तुला कधी बोललो होतो का? चार वर्षांचा मुलगा दारामागे बसून डब्याचं झाकण गरगर फिरवत होता. मी फॉर्म काढला. ऑटिझम तपासायची आपल्याकडची मोजपट्टी ४० मुद्द्यांची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. मला घाई होती, अजून दोन घरं बाकी होती. ताईंनी पर्स कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या. आणखी एक झाकण मागून घेतलं आणि त्याही फिरवायला लागल्या. तोंडातून शब्द नाही. वीसेक मिनिटांनी त्यांचं झाकण आडवं पडलं, तर त्याने त्यांचा हात धरून त्या झाकणावर नेऊन ठेवला. त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"लिही," ताई हळूच म्हणाल्या, "दुसऱ्याचा हात धरून काम करून घेतो. आणि हेही लिही, की त्याने मला खेळायला घेतलं." फॉर्मात त्याला जागा नव्हती. मी समासात लिहिलं. अभ्यास म्हणजे नुसते गुण नव्हेत, हे मला त्या दुपारी कळलं.

सासूबाई सुनेलाच बोल लावत होत्या. ताई म्हणाल्या, "आजी, पूर्वी मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईलाच दोष द्यायचे. मग १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळी मुलं तपासली, प्रत्येक जोडीत एकाला तरी ऑटिझम असलेली. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम निघाला, वेगळ्या दिसणाऱ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत दोघांना नाही. हे बरंचसं जन्मासोबत येतं. सुनेचं काही चुकलेलं नाही." आजी काही बोलल्या नाहीत. सून मात्र स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

२०१६च्या कायद्याने अपंगत्वाची यादी ७ वरून २१ वर नेली, त्यात ऑटिझम आला, तेव्हा ताईंनी सगळ्यांना पेढे वाटले होते. नंतर प्रमाणपत्रासाठी किती आईबापांबरोबर त्या रांगेत उभ्या राहिल्या, मोजदाद नाही.

शनिवारी त्यांचं टेबल आवरायचं आहे. माझ्याने एकट्याने होणार नाही रे. येशील का? स्टेशनवर घ्यायला येतो.

तुझाच